एकाच सर्व्हरवर पोस्टग्रेस कंटेनरमध्ये ठेवणं शहाणपणाचं आहे का?

रात्रपाळी:
वाद व्हावा म्हणूनच धागा काढतोय. छोटं वेब अ‍ॅप्लिकेशन टाकायचं म्हटलं की सल्ला ठरलेला: भाड्याचा एक सर्व्हर घ्या, डॉकरच्या कंपोज फाइलमध्ये एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर, जँगोमध्ये लिहिलेलं अ‍ॅप्लिकेशन आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस असे तीन कंटेनर (आपापल्या डब्यात चालणारे प्रोग्राम) लिहा, 'डॉकर कंपोज अप' म्हणा, झालं. उदाहरणादाखल एखाद्या वाचनालयाची पुस्तकसूची धरा. एन्जिनएक्स आणि जँगो यांचे कंटेनर उडाले तरी इमेजवरून, म्हणजे तयार साच्यावरून, पुन्हा उभे राहतात. डेटाबेसमधल्या नोंदी तशा परत येत नाहीत. माझं मत: सर्व्हर एकच असेल तर पोस्टग्रेस थेट सर्व्हरच्या डेबियन लिनक्सवर एपीटीने (त्याच्या पॅकेज इन्स्टॉलरने) बसवावं, बाकीचं खुशाल कंटेनरमध्ये ठेवा.

मुख्य कारण अपग्रेड. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती दरवर्षी येते आणि प्रत्येकीला ५ वर्षं सपोर्ट मिळतो, म्हणजे हे काम कधीतरी करावं लागणारच. कंपोज फाइलमध्ये १६ चं १७ केलं की नवा कंटेनर जुनी डेटा डिरेक्टरी बघून सुरूच होत नाही. डेबियनवर त्यासाठी तयार कमांड आहे. शिवाय कंटेनर काढून टाकणाऱ्या 'कंपोज डाउन'ला चुकून '-व्ही' जोडला गेला, तर व्हॉल्यूमसकट (डेटा साठवायच्या जागेसकट) सगळं साफ.

खिडकीवाला:
साफ असहमत. '-व्ही' आपोआप लागत नाही, टाइप करावा लागतो. तरी भीती वाटत असेल तर व्हॉल्यूम वेगळा तयार करा आणि फाइलमध्ये त्याला 'एक्स्टर्नल' म्हणा. मग कंपोज त्याला हात लावत नाही. अपग्रेडचं म्हणाल, तर वाचनालयाच्या सूचीचा डम्प (सगळ्या नोंदींची फाइल) घेऊन नव्या कंटेनरमध्ये भरायला चहा होईपर्यंतचा वेळ पुरतो. त्यासाठी अख्खी मांडणी बदलायची?

एपीटीची दुसरी बाजूही सांगा की. डेबियन १२ सोबत पोस्टग्रेस १५ येतं, १३ सोबत १७. लॅपटॉपवर एक आणि सर्व्हरवर दुसरं. कंपोजमध्ये दोन्हीकडे तीच इमेज.

रात्रपाळी:
पोस्टग्रेसची स्वतःची एपीटी रिपॉझिटरी आहे, हवी ती आवृत्ती मिळते. हा मुद्दा बाद.

चौथीसीट:
तुमचं भांडण चालू द्या, पण दोघांनीही पोर्टचा, म्हणजे नेटवर्कवरून आत यायच्या क्रमांकाच्या दाराचा, विषय काढला नाही. अर्ध्याअधिक नमुना फाइलींत डेटाबेसखाली '५४३२:५४३२' ही त्याचं पोर्ट बाहेर प्रकाशित करणारी ओळ लिहिलेली असते आणि लोक ती जशीच्या तशी उचलतात. वर यूएफडब्ल्यू हे फायरवॉल चालू असतं म्हणून निर्धास्त. पण डॉकर आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या वाहतूक-नियमांत) स्वतःचे नियम घालतं. प्रकाशित केलेल्या पोर्टकडे येणारं पॅकेट परस्पर कंटेनरकडे वळतं, यूएफडब्ल्यूचे नियम जिथे लागतात तिथे ते पोचतच नाही. म्हणजे स्टेटस विचारलं तर 'डिनाय' दिसतं आणि डेटाबेस इंटरनेटवर उघडा असतो. डेटाबेसला ती ओळ मुळात लागतच नाही. एकाच नेटवर्कमधल्या जँगोला तो सर्व्हिसच्या नावाने सापडतो. बाहेरून बघायचंच असेल तर पोर्ट १२७.०.०.१ ला (लोकलहोस्ट, म्हणजे सर्व्हरचा स्वतःपुरता पत्ता) बांधा आणि एसएसएच टनेलने, म्हणजे सुरक्षित लॉगिनमधून, जा.

रात्रपाळी:
धन्यवाद, माझीच बाजू मांडलीत. एपीटीने बसवलेलं पोस्टग्रेस मुळात फक्त लोकलहोस्टवर ऐकतं.

खिडकीवाला:
फक्त लोकलहोस्टवर ऐकतं ना? मग कंटेनरमधला जँगो त्याच्यापर्यंत पोचणार कसा? कंटेनरचा लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. आता डॉकरच्या ब्रिजचा (कंटेनर आणि सर्व्हर जोडणाऱ्या आभासी नेटवर्कचा) पत्ता पोस्टग्रेसला ऐकायला लावा, त्या नेटवर्कला पोस्टग्रेसच्या एचबीए या परवानग्यांच्या फाइलमध्ये परवानगी द्या, कंपोजमध्ये सर्व्हरच्या पत्त्यासाठी 'होस्ट-गेटवे' लिहा. आणि गंमत म्हणजे कंटेनरकडून होस्टकडे (मूळ सर्व्हरकडे) येणारी ही वाहतूक यूएफडब्ल्यू खरोखर अडवतं, तिथेही नियम घाला. सर्व्हर रीबूट झाला आणि ब्रिज तयार होण्याआधी पोस्टग्रेस उठलं, तर तो पत्ता त्याला मिळतच नाही. सोपं करायला निघालात आणि चार जागी ठिगळं लावलीत.

रात्रपाळी:
नेटवर्क हवंय कशाला? युनिक्स सॉकेटची (एकाच मशीनवरचे प्रोग्राम जिच्यातून बोलतात त्या फाइलची) डिरेक्टरी जँगोच्या कंटेनरमध्ये माउंट करा, पासवर्डने लॉगिन ठेवा. पोर्ट नाही, ब्रिज नाही, यूएफडब्ल्यू नाही.

खिडकीवाला:
हे चांगलं आहे. पण हे किती जण करतात?

गावकुसाबाहेर:
वाचनालयाचं उदाहरण घेतलंच आहे तर मराठी शीर्षकांचंही बघा. इमेज लहान म्हणून लोक अल्पाइन या छोट्या लिनक्सवरचं पोस्टग्रेस घेतात. तिथल्या मसल या मूळ सी लायब्ररीत भाषेनुसार क्रम लावायची सोय नाही. आयसीयू ही भाषांचे नियम जाणणारी वेगळी लायब्ररी वापरली नाही, तर युनिकोड क्रमांकानुसार 'क्ष'ने सुरू होणारी पुस्तकं 'क'च्या पोटात जाऊन बसतात. नंतर कुणी तोच व्हॉल्यूम डेबियनवरच्या इमेजला जोडला, की क्रम लावायचे नियम बदलतात आणि जुने इंडेक्स (शोधासाठी लावलेल्या याद्या) चुकीचे ठरू शकतात. पुस्तक टेबलात आहे, पण शोधल्यावर सापडत नाही. रीइंडेक्स केल्याशिवाय गत्यंतर नाही. रात्रपाळी, खूश होऊ नका. डेबियनची आवृत्ती बदलताना तिथली सी लायब्ररी, जीलिबसी, बदलली तर हाच धोका तुमच्या एपीटीलाही आहे.

चौथीसीट:
आणि एन्जिनएक्सबद्दल सगळे इतके शांत कसे? जँगोचा कंटेनर नव्याने बनला की त्याचा आयपी बदलू शकतो. एन्जिनएक्सने मात्र सुरू होतानाच नाव सोडवून पत्ता धरून ठेवलेला असतो. साइट ५०२ ही 'मागचं अ‍ॅप्लिकेशन सापडत नाही' अशा अर्थाची एरर दाखवते आणि लोक डेटाबेसचे लॉग चाळत बसतात. एन्जिनएक्स रीलोड करा, किंवा डॉकरचा १२७.०.०.११ हा रिझॉल्व्हर (नावावरून पत्ता सांगणारा) देऊन पत्ता व्हेरिएबलमधून घ्या.

रात्रपाळी:
ते मान्य, पण तिथे फक्त साइट बंद पडते, नोंद एकही जात नाही. एक प्रश्न उरतो, खिडकीवाला. डॉकर इंजिनचा सुरक्षा अपडेट आला की डीमन (मागे चालणारा डॉकरचा मुख्य प्रोग्राम) रीस्टार्ट होतो आणि सगळे कंटेनर थांबतात, डेटाबेससुद्धा. जँगोसाठी आणलेल्या साधनाच्या अपडेटपायी डेटाबेस का बंद व्हावा?

खिडकीवाला:
'लाइव्ह-रिस्टोअर' चालू करा, डीमन गेला तरी कंटेनर चालू राहतात.

रात्रपाळी:
तो छोट्या पॅच आवृत्त्यांपुरता. मोठ्या आवृत्तीला त्याची हमी नाही, डॉकरच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय.

खिडकीवाला:
मग मोठी आवृत्ती रविवारी पहाटे टाका. वाचनालय तेव्हा बंदच असतं.