मदत हवी आहे: अपघातग्रस्ताचं हेल्मेट मी काढलं. चुकलं का?

नमस्कार. मोबाईलवरून टंकतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. जाणकारांकडून, विशेषतः डॉक्टर मंडळींकडून, स्पष्ट उत्तर हवंय. धीर देणारं नको.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी बाईकवरून घरी येत होतो. उजेड जेमतेम उरलेला. माझ्या शंभरेक मीटर पुढे एक बाईकवाला वळणावर खडीवरून घसरला. कुणाची धडक नाही, काही नाही. बाईक एकीकडे गेली आणि तो दुसरीकडे. मी माझी गाडी कडेला घेतली, इंडिकेटर चालू ठेवला आणि पळालो. त्याची बाईक आडवी पडूनही चालूच होती, मागचं चाक गरागरा फिरत होतं. किल्ली फिरवून ती बंद केली. इथपर्यंत तरी बरोबर केलं असावं.

तो उताणा पडला होता. डोक्यावर हनुवटी झाकणारं फुल-फेस हेल्मेट. खांद्यावर थोपटून हाका मारल्या, पण ओ नाही. हेल्मेटच्या काचेवर आतून वाफ धरत होती आणि विरत होती. श्वास चालू आहे एवढं मला त्या वाफेवरून कळलं.

तोवर सात-आठ जण जमले. एक म्हणाला, "हेल्मेट काढा, गुदमरेल तो." दुसरा म्हणाला, "हात लावू नका, मान मोडेल." दोघंही तितक्याच खात्रीने सांगत होते. "कोणीतरी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन करा" असं मी दोनदा ओरडलो. नंतर कळलं की दोन मिनिटं कुणीच केला नव्हता, प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने केला असेल.

शेवटी हेल्मेट मी काढलं. पट्टीला बकल नव्हतं, दोन कड्यांतून ओवलेली पट्टी होती आणि हातमोज्यांनी ती सुटेना. मोजा दाताने ओढून काढला. गर्दीतल्या एका मुलाला खाली बसवून मान धरायला सांगितली आणि हेल्मेट ओढलं. सहज निघालं नाही.

अ‍ॅम्ब्युलन्समधून उतरलेल्या माणसाने आधी त्याच्या मानेला कॉलर लावली, मग विचारलं, "हेल्मेट कोणी काढलं?" म्हटलं, मी. त्याने मान वर न करता कागदावर काहीतरी लिहिलं, बस. शाबासकी नाही, शिवी नाही. ते लिहिणं डोक्यातून जात नाहीये.

परवा त्याच्या भावाशी बोलणं झालं. शुद्धीवर आहे, हातपाय हलतात, पण मानेच्या एका मणक्याला चीर आहे. भाऊ आभार मानत होता आणि मला काही सुचत नव्हतं. ती चीर माझ्यामुळे पडली का, एवढंच विचारायचंय. साक्ष, पोलीस वगैरे काही त्रास झालेला नाही, कृपया चर्चा तिकडे नेऊ नका.

प्रतिसाद: चौथा_गिअर

थांबलात हे उत्तम केलंत. पण राग मानू नका, हेल्मेट काढायचं नाही हे बाईक चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. पहिला नियम आहे तो. नशीब त्याचं, हातपाय हलतायत.

प्रतिसाद: गुंगी

मी भूलतज्ज्ञ आहे. श्वासनलिका मोकळी ठेवणं हेच माझं रोजचं काम, म्हणून लिहितेय. निकाल द्यायची घाई नको. धागाकर्ते, एकच सांगा. हेल्मेट काढण्याआधी त्याच्या श्वासाचा आवाज कसा होता?

प्रतिसाद: धागाकर्ता

घोरल्यासारखा. म्हणजे आधी घोरल्यासारखा, मग मध्येच गुळण्या केल्यासारखा. काच वर केली तर तोंडात रक्त दिसलं. दात लागून जीभ किंवा ओठ फाटला असेल. खरं सांगायचं तर त्या आवाजानेच मी घाबरलो. आधी लिहिलं नाही कारण ते महत्त्वाचं वाटलं नाही.

प्रतिसाद: गुंगी

अहो, सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे!

बेशुद्ध माणूस उताणा असला की जिभेचे स्नायू सैल पडतात आणि जीभ मागे पडून घसा अडवते. ते घोरणं म्हणजे झोप नाही, हवा अडचणीतून वाट काढतेय. गुळण्यांसारखा आवाज म्हणजे घशात पातळ काहीतरी आहे, रक्त किंवा उलटी. हे दोन्ही आवाज फुल-फेस हेल्मेटच्या आतून येत असतील तर बाहेरून काही करता येत नाही, कारण हनुवटीपुढचा तो दांडा जबडा पुढे ओढू देत नाही. मेंदूला काही मिनिटं प्राणवायू मिळाला नाही तर कायमची इजा होते. मानेची शंका आणि बंद होत चाललेला श्वास समोरासमोर आले तर श्वास जिंकतो. दर वेळी.

"हेल्मेट कधीच काढायचं नाही" हा नियम अर्धाच आहे. माणूस शुद्धीत असेल, बोलत असेल, नीट श्वास घेत असेल तर काढू नका. काच वर करा, डोकं आहे तिथे दोन्ही हातांनी स्थिर धरा आणि वाट पाहा. ब्रिटनमध्ये शिकवतात ते साधारण हेच, अगदी गरज पडली तरच काढा. जर्मनीत प्रथमोपचाराच्या वर्गात उलट बाजूने सुरुवात होते: बेशुद्ध असेल तर काढाच, कारण हेल्मेटच्या आत श्वास नीट पाहता येत नाही आणि उलटी झाली तर माणूस तिथेच गुदमरतो. दोन्हीकडे शहाणी माणसं आहेत. गर्दीतले तुमचे ते दोघं नकळत याच दोन बाजूंनी भांडत होते.

आता मणक्याबद्दल. एक्स-रे न बघता कुणीही छातीठोक सांगू शकणार नाही, मीही नाही. पण हाडाला चीर पडायला जोर लागतो आणि तो जोर रस्त्यावर आपटताना होता, तुमच्या हातात नव्हता. निष्काळजीपणे हलवल्याने आतल्या मज्जारज्जूला इजा होऊ शकते, भीती त्याची असते. त्याचे हातपाय हलतायत.

अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याने लिहून घेतलं कारण त्याला ते लिहायचंच असतं. हेल्मेट होतं का, कोणी आणि कधी काढलं, किती वेळ बेशुद्ध होता, हे सगळं पुढच्या डॉक्टरला लागतं. मी तरी तो कागद पहिला मागते. हेल्मेटही रुग्णाबरोबर पाठवावं. कुठल्या बाजूला चेपलंय त्यावरून मार कुठे आणि कसा बसला असेल याचा अंदाज येतो.

प्रतिसाद: चौथा_गिअर

माघार घेतो. घोरण्याचं मला ठाऊक नव्हतं. मग काढायचं कसं तेही सांगा, कारण वेळ आली तर मीही ओढलंच असतं.

प्रतिसाद: गुंगी

दोन माणसं लागतात. चष्मा असेल तर आधी तो. पट्टी सुटत नसेल तर कापा, झटापट करू नका. एक जण डोक्यामागे गुडघे टेकून हेल्मेट दोन्ही बाजूंनी स्थिर धरतो. दुसरा बाजूला बसून एक हात मानेखालून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत सरकवतो आणि दुसऱ्या हाताने जबडा धरतो. आता डोक्याचा भार या दुसऱ्याकडे. मग पहिल्याने हेल्मेटच्या कडा बाहेरच्या बाजूला ताणायच्या आणि सावकाश ओढायचं. नाकाशी अडतं, तिथे हेल्मेट किंचित मागे कलवायचं. डोकं नाही, हेल्मेट. निघताना बहुतेक लोक चुकतात ते असं: हेल्मेटच्या जाडीमुळे डोकं जमिनीपासून वर असतं आणि ते निघालं की धाडकन खाली आपटतं. खालच्या हाताने ते तोलून धरायचं आणि कॉलर लागेपर्यंत सोडायचं नाही.

काही हेल्मेटना गालाच्या गाद्यांजवळ लाल पट्ट्या असतात. त्या ओढल्या की गाद्या निघून येतात आणि हेल्मेट सैल होतं. हनुवटीचा भाग वर उघडणारं हेल्मेट असेल तर बऱ्याचदा तो उघडूनच काम भागतं.

काढल्यावर जबड्याचे कोपरे दोन्ही बाजूंनी पुढे उचलायचे, मान मागे न टाकता. रक्त येतच असेल तर डोकं आणि धड एका रेषेत ठेवून कुशीवर वळवायचं. आणि अधूनमधून आचके दिल्यासारखा श्वास असेल तर श्वास चालू आहे असं समजायचं नाही. तिथे छाती दाबायला सुरुवात करायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जाईल इतकी.

प्रतिसाद: जुनी_डायरी

अवांतर, पण अगदीच अवांतर नाही. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ओळखला जाणारा ब्रिटिश लष्करी अधिकारी टी. ई. लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यात मोटरसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी गेला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचा तरुण मेंदूशल्यविशारद होता. मोटरसायकलवाल्यांच्या डोक्याच्या दुखापतींचा त्याने पुढे अभ्यास केला, १९४१ मध्ये त्यावर लेख लिहिला आणि ब्रिटिश लष्करात हेल्मेट रुळण्यात त्या कामाचा मोठा वाटा होता. तुमचा हा माणूस शुद्धीवर यायला जिवंत राहिला, त्याचं श्रेय थोडं त्या हेल्मेटलाही द्या. तुम्ही काढलं हे नंतरचं, त्याने घातलं होतं हे आधीचं.

प्रतिसाद: पडलेली

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. चार वर्षांपूर्वी रस्त्यावर मी पडले होते आणि शुद्धीत होते. पहिला जो आला तो माझ्या डोक्यामागून बोलला, "ताई, लागलंय का?" मी साहजिकच वळून बघायला गेले आणि मानेतून अशी कळ आली की अजून आठवते. दुसरा आला तो समोरून, मला दिसेल असा वाकला आणि आधी म्हणाला, "हलू नका, मान हलवून उत्तर देऊ नका, तोंडाने बोला." नाव विचारलं, कुठे दुखतंय विचारलं, पायाची बोटं हलवायला सांगितली. एकाने पाण्याची बाटली तोंडाला लावली, ती त्यानेच बाजूला केली. तेव्हा राग आला होता, घसा कोरडा पडला होता हो. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशनला नेताना पोट रिकामं लागतं.

आणि तो "कोणीतरी फोन करा" म्हणाला नाही. बोट दाखवून म्हणाला, "तुम्ही, निळा शर्ट, तुम्ही फोन लावा आणि लागला की मला सांगा." निळ्या शर्टाने लावला. त्या माणसाचं नाव मला माहीत नाही. हेल्मेट घालूनच वावरत होता, चेहराही धड दिसला नाही.

प्रतिसाद: गुंगी

+१. बोट दाखवणं हे प्रशिक्षणात शिकवतात. १९६८ मध्ये डार्ली आणि लाटाने या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं होतं की बघे वाढले की एकेकाची पुढे होण्याची शक्यता कमी होते. लोक निर्दय असतात असं नाही, जबाबदारी वाटली जाते.

प्रतिसाद: धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. डॉक्टर, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. मान धरणाऱ्या त्या मुलाचे हात नेमके कुठे होते ते आठवायचा प्रयत्न करतोय. एक हात खाली होता हे नक्की, कारण नंतर त्याच्या बोटांच्या पेरांवर खडी रुतल्याच्या खुणा होत्या. म्हणजे डोकं आपटलं नाही. त्याचं नाव विचारायचं राहिलं.

काल रात्री धाकट्या भावाला हेल्मेट घालून जमिनीवर झोपवलं, बायकोला मान धरायला बसवलं आणि तुम्ही लिहिलंय तसं करून पाहिलं. पहिल्यांदा भाऊ ओरडला, "कान! कान!" कडा बाहेर ताणल्याच नव्हत्या, कान दुमडून वर आला होता. दुसऱ्यांदा नाकाशी अडलं. तिसऱ्यांदा निघालं. बायको म्हणते, डोकं एवढं जड असतं हे माहीत नव्हतं. आता तिला वरच्या बाजूला बसायचंय आणि भाऊ पुन्हा झोपायला तयार नाही.

रविवारी त्या माणसाला भेटायला जातोय. हेल्मेट अजून माझ्याकडेच आहे, त्या गडबडीत अ‍ॅम्ब्युलन्समध्ये द्यायचं राहिलं. डाव्या बाजूला कानाच्या वर चांगलंच घासलंय. ते पुसू नको ना?

प्रतिसाद: गुंगी

पुसू नका. रविवारपर्यंत थांबूही नका, आज त्याच्या डॉक्टरांना फोन करून विचारा, हवं असेल तर आजच नेऊन द्या.