जुन्या लेन्सची पाती पण बघा, नुसतं फंगस नको

वर कुणीतरी लिहिलंय की जुनी प्राइम (झूम नसलेली लेन्स) घेताना टॉर्च मारून काचेवर फंगस, म्हणजे बुरशी, बघायचं, बस. फंगसचं पटलं, पण आत उजेड कमीजास्त करायला उघडमीट करणाऱ्या पात्यांचं काय? मी निकॉनची ८५ एमएम १.८ डी जुनी घेतली, दुकानात एफ १.८ वर, म्हणजे पाती पूर्ण उघडी ठेवून, दहाबारा फोटो काढले, एकदम लोण्यासारखे, आणि सोलापूरच्या गड्डा यात्रेला गेलो तर भर दुपारी एफ ८ वर, म्हणजे पाती बरीच मिटवून, नंदीध्वजवाल्यांच्या पांढऱ्या बाराबंद्या (अंगरखे) पार धुऊन निघालेल्या, सुरकुतीसुद्धा दिसेना. कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला शिव्या घातल्या आधी. निघालं काय तर पात्यांवर तेल आलेलं, त्यामुळे ती वेळेवर मिटतच नव्हती, उजेड जास्त आत येत होता, आणि १.८ वर पाती हलतच नाहीत म्हणून दुकानात कळायचं कसं! आपल्याकडचा उन्हाळा, त्यात लेन्स गाडीच्या डिकीत, मग आतलं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर येणारच की. लेन्सवरची एफ आकड्यांची रिंग १६ वर ठेवा, लेन्सच्या मागची बारीक दांडी बोटानं सरकवून सोडा, पाती खटकन मिटली पाहिजेत, रेंगाळली तर पैसे खिशातच ठेवा.

आणि निकॉनची डी ३००० किंवा ५००० सिरीजची बॉडी (कॅमेरा) असेल तर ही डी लेन्स घेऊच नका, फोकसची मोटर ना त्या बॉडीत ना या लेन्समध्ये, हातानं फोकस करत बसाल. त्यांनी मोटर असलेली १.८ जी लेन्स बघावी.