निकोटिन गमने उचक्या लागतात, घसा जळतो, तलफ मात्र जात नाही

कोपऱ्यातला_बाक: मोठ्या भावाला सिगारेट सोडायचीय. दिवसाला दहाचं एक पाकीट आणि वर दोन-तीन सुट्या. पहिली उठल्या उठल्या, चहाच्याही आधी. दुकानातून २ मिग्रॅची निकोटिन गम आणली. ती खाल्ली की उचक्या, घशाशी जळजळ, आणि तलफ आहे तशीच. निकोटिनचा पॅच (कातडीवर चिकटवायची पट्टी) घ्यावा का?

औषधवाली: पॅचचं नंतर बघू. साध्या च्युइंगमसारखी सतत चावत असणार. मग निकोटिन भसाभस थुंकीत उतरतं आणि गिळलं जातं. पोटात गेलेलं तलफेला फारसं उपयोगी नाही, उचक्या-मळमळ तेवढी होते. ते गालाच्या आतून शोषलं जायला हवं.

सावकाश चावायची. तिखटसर चुरचुर जाणवली की थांबायचं आणि तंबाखूचा बार धरतात तशी गाल-हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायची. मिनिटभराने चुरचुर ओसरली की पुन्हा चावायची, दुसऱ्या गालात ठेवायची. एक गम अर्धा तास चालते. गमच्या आधी १५ मिनिटं आणि ती तोंडात असताना चहा, कॉफी, सोडा, लिंबूसरबत काहीही नको. तोंड आंबट असलं की निकोटिन शोषलंच जात नाही.

शिवाय उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल, तर २ मिग्रॅ कमी पडते. ४ मिग्रॅ हवी, तिला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. पहिले ६ आठवडे दर एक-दोन तासांनी, तलफेची वाट न बघता. पुढचे ३ आठवडे दोन ते चार तासांनी, शेवटचे ३ चार ते आठ तासांनी. बरं वाटलं म्हणून पंधरवड्यात बंद करतात, तिथेच गाडी घसरते.

सदू_सातारकर: पॅच आणि गम दोन्ही एकत्र चालतात, आणि नुसत्या एकापेक्षा बरे. दहापेक्षा जास्त ओढणाऱ्याला २१ मिग्रॅचा पॅच ६ आठवडे, मग १४ चा २, मग ७ चा २. पॅच दिवसभराचा पाया, मग गम ठरल्या वेळेला नाही, फक्त अवचित आलेल्या तलफेसाठी. दंडावर किंवा छातीवर, केस नसलेल्या कोरड्या जागी लावा. तेल लावलेल्या अंगावर टिकत नाही. जागा रोज बदला, नाहीतर कातडी लाल होते. रात्री भलती स्वप्नं पडली तर झोपताना काढून टाका. हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

अर्धा_कटिंग: चहा निम्मा करा, हे कोणी सांगत नाही. धुरातल्या घटकांमुळे यकृत कॅफीन झपाट्याने निकाली काढत असतं. सिगारेट थांबली की तेवढ्याच चहाचं कॅफीन अंगात जवळपास दुप्पट साठतं. मग धडधड, चिडचिड, झोप उडते, आणि खापर फुटतं सिगारेट सोडण्यावर. दम्यासाठी थिओफिलिन चालू असेल तर तेही असंच वाढतं, डोस बदलून घ्यावा लागतो.

कोपऱ्यातला_बाक: चहा टपरीवरच होतो, आणि तिथे सगळे ओढणारे. कवळीही आहे, गम चिकटेल का?

औषधवाली: चिकटते. मग निकोटिनची चघळायची गोळी घ्या. ती चावायची नाही, गालात विरघळू द्यायची. पहिले तीन आठवडे टपरी टाळलेलीच बरी, घरात पाकीट नसलं तरी तिथे सुटी मिळतेच. सिगारेटच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा व्यसन सोडायला मदत करणारा नंबर मोफत आहे, समुपदेशक मराठीतही बोलतात. फोन मात्र भावालाच करू दे.