बायपोलर आजार आणि बालपणातील मानसिक आघात: कारण की निमित्त?

उत्तररात्र (प्रश्न)

माझे वय 37 आहे. दोन वर्षांपूर्वी मला बायपोलर डिसऑर्डर (कधी अतिउत्साहाचा उन्माद, तर कधी नैराश्य असे झटके येणारा आजार) असल्याचे निदान झाले, तेव्हापासून लिथियम हे औषध चालू आहे आणि गेले आठ महिने प्रकृती स्थिर आहे. माझे बालपण सततचा अपमान, धाक आणि आठवडेच्या आठवडे चालणारा अबोला यांत गेले. मारहाण म्हणाल तर क्वचितच झाली. आजोबांनाही असाच काहीसा आजार असावा, असे आता वाटते. घरात त्याला नुसते ‘डोके फिरणे’ म्हणत असत. माझ्या समुपदेशकांच्या मते सगळ्याचे मूळ त्या बालपणात आहे, तर मानसोपचारतज्ज्ञ सांगतात की हा आनुवंशिक आजार आहे, जुन्या गोष्टी उकरण्याची आवश्यकता नाही. त्याच घरात वाढलेल्या माझ्या भावाला मात्र काहीही झालेले नाही. मला हा आजार आघातांमुळे झाला का? आणि त्या आघातांवर उपचार घेतल्यास बसलेली घडी पुन्हा विस्कटेल का?

मनोवैद्य

मी याच क्षेत्रात काम करतो, तरीही पुढील मजकूर आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नाही. आपल्या प्रश्नातील खरी अडचण ‘मुळे’ या शब्दयोगी अव्ययात आहे, असे मला वाटते.

जुळ्या भावंडांवरील अभ्यासांतून बायपोलरची आनुवंशिकता साधारण 60 ते 85 टक्के इतकी येते. हा आकडा लोकसमूहातील फरकांविषयी असतो. आपल्या एकट्याच्या आजारात इतका वाटा आजोबांचा आणि उरलेला घरातील वागणुकीचा, अशी विभागणी त्यावरून करता येत नाही. शिवाय एकरूप जुळ्यांपैकी एकाला हा आजार असला तरी दुसऱ्याला तो होतोच असे नाही, म्हणजे जनुकांच्या पलीकडेही काही घडत असते. दुसऱ्या बाजूला, 2016 साली प्रसिद्ध झालेल्या 19 अभ्यासांच्या एका एकत्रित विश्लेषणात, बायपोलर असलेल्यांमध्ये बालपणीचे प्रतिकूल अनुभव आढळण्याची शक्यता निरोगी गटाच्या तुलनेत सुमारे 2.6 पट आणि भावनिक छळाच्या बाबतीत सुमारे चौपट दिसली. मारहाण ‘क्वचितच’ झाली, हे आपण जणू तक्रारीचा अधिकार कमी करून घेण्यासाठी लिहिले आहे, म्हणून हा दुसरा आकडा मुद्दाम सांगितला.

मात्र त्यावरून ‘आघातामुळे आजार’ असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही. असे बहुतेक अभ्यास मोठेपणी सांगितलेल्या आठवणींवर आधारलेले असतात, आणि बालपणीच्या आघातांचा असाच संबंध नैराश्यासह इतर अनेक मनोविकारांतही आढळतो. आणखी एक गुंता असा की, ज्या घरात एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचा मनोविकार निदानाविना राहिलेला असतो, तेथे त्याची जनुके आणि त्याच्या आजाराने अस्थिर झालेले वातावरण या दोन्ही गोष्टी मुलांच्या वाट्याला येऊ शकतात. मग एकीचा परिणाम दुसरीपासून सोडवून दाखवणे जवळजवळ अशक्य होते. भावाचे म्हणाल तर सख्ख्या भावंडांची सरासरी निम्मीच जनुके सामायिक असतात, आणि घर एकच असले तरी ते प्रत्येक मुलाशी सारखे वागत नाही.

अधिक ठामपणे सांगता येते ते आजाराच्या वाटचालीविषयी. बालपणी छळ सोसलेल्यांमध्ये बायपोलर सरासरीने लवकर सुरू होतो, त्याचे झटके अधिक तीव्र आणि वारंवार येतात, आत्महत्येचे प्रयत्न आणि व्यसनाधीनताही अधिक दिसते. ताणाला प्रतिसाद देणारी शरीराची यंत्रणा कायमची सावध राहणे आणि झोपेची लय मोडणे, हे त्यामागील दुवे असावेत. म्हणून माझ्या दृष्टीने उपचारात विचारण्यासारखा प्रश्न ‘आजार कोणी दिला’ हा नसून ‘आजच्या आजाराला जुना आघात कोठे खतपाणी घालतो आहे’ हा आहे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर क्रमात आहे. उन्माद चालू असताना किंवा आत्महत्येचे विचार प्रबळ असताना आघाताच्या आठवणींवर थेट काम सहसा करत नाहीत. आधी मनःस्थिती, झोप आणि औषधे यांची घडी बसवतात. ती बसल्यावर मात्र हे काम अनिश्चित काळ पुढे ढकलणे मला पटत नाही. बायपोलर असलेल्यांवर आघातकेंद्री उपचारांच्या ज्या चाचण्या झाल्या त्या लहान असल्या, तरी हे उपचार सहन होऊ शकतात असे त्यांत दिसले आहे. आपल्या दोन्ही तज्ज्ञांनी एकमेकांशी बोलणे मात्र अनिवार्य आहे. याला एक व्यावहारिक कारणही आहे: आघातोत्तर ताण विकारासाठी नेहमी दिली जाणारी नैराश्यविरोधी औषधे बायपोलरमध्ये मूड स्टॅबिलायझरच्या (लिथियमसारख्या, मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधाच्या) जोडीशिवाय दिली गेल्यास उन्माद उद्भवू शकतो.

सहप्रवासी

डॉक्टरांच्या उत्तरात एक बाजू राहून गेली आहे, ती सोळा वर्षे हा आजार असलेली व्यक्ती म्हणून मांडते. आघात नेहमी आजाराच्या आधीच येतो असे नाही. आजार स्वतःही आघात करतो. माझ्या पहिल्या उन्मादात मला बांधून रुग्णालयात नेण्यात आले. बालपणीच्या आठवणींनी मला आजवर झोपेतून उठवले नाही, परंतु त्या रात्रीच्या आठवणीने अनेकदा उठवले आहे. उन्मादात उधळलेले पैसे, तुटलेले नाते, ज्यांच्यासमोर जे बोलू नये ते बोलून बसलेली माणसे, या सगळ्याचे ओझे आपण ‘लाज’ या नावाखाली ठेवतो आणि त्यावर उपचार मागायचे असतात हे सुचतच नाही. मला ते सुचायला अकरा वर्षे लागली. आपल्यालाही असे काही असेल तर ते समुपदेशकांना अवश्य सांगावे.

उत्तररात्र

दोघांचेही मनापासून आभार. सहप्रवासी, आपण लिहिले ते मी कोणालाच सांगितलेले नव्हते. डॉक्टर, एकच शंका उरते: समुपदेशनात जुना विषय निघाल्यानंतर दोन-तीन रात्री झोप उडाली, तर तो आघाताचा परिणाम की उन्मादाची सुरुवात, हे घरबसल्या कसे ओळखावे?

मनोवैद्य

सहप्रवासींची दुरुस्ती मान्य. ती बाजू माझ्याकडून राहायला नको होती.

झोपेबाबत असा ढोबळ फरक करता येतो. आघाताच्या आठवणींनी जागलेला माणूस थकलेला असतो; त्याला झोप हवी असते, पण भीती, दुःस्वप्ने किंवा सावधपणा ती लागू देत नाही. उन्मादाकडे झुकताना झोपेची गरजच कमी होते: तीन तास झोपूनही सकाळी उत्साह उतू जातो, बोलण्याचा वेग वाढतो, एकाच दिवसात चार नव्या योजना सुचतात, खर्चाचा हात सैल होतो. आघाताची अस्वस्थता बहुधा एखाद्या आठवणीने किंवा प्रसंगाने चाळवते आणि काही तासांत ओसरू शकते. अमेरिकेतील निदानपद्धतीत सौम्य उन्मादासाठी सलग किमान 4 दिवस आणि उन्मादासाठी किमान एक आठवडा बदललेली मनःस्थिती धरली जाते. अर्थात, पडताळणीसाठी हे दिवस मोजत बसू नये. दोन्ही एकत्रही असू शकतात, आणि आघाताने उडालेली झोप उन्मादाला निमित्त ठरू शकते. म्हणून समुपदेशनाच्या आठवड्यात झोपेचे तास आणि सकाळचा थकवा रोज लिहून ठेवावा, आणि सलग दोन रात्री झोप नेहमीपेक्षा बरीच कमी होऊनही थकवा जाणवला नाही, तर पुढील भेटीची वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांना कळवावे.