पेन्सिलने काढलेली गुलाबाची फांदी: अशा चित्राकडे पाहावे कसे?

नवप्रेक्षक:
एका स्नेह्यांनी स्वतः काढलेले चित्र मला भेट दिले आहे. पंजाएवढ्या कागदावर गुलाबाची एकच फांदी आहे. फूल नाही, कळीही नाही. रेषा इतक्या फिकट आहेत की दोन हातांवरून कागद जवळजवळ कोराच वाटतो. ‘छान आहे’ एवढे बोलून मी वेळ मारून नेली, याची आता खंत वाटते. त्यांना काही नेमके सांगायचे, तर या चित्रात काय पाहावे? आणि ते पुढे पुसट होईल का?

रेघोट्या:
आधी पुसट होण्याविषयी. ग्रॅफाइट, म्हणजे पेन्सिलीच्या शिशातले काळे द्रव्य, उजेडाने फिके पडत नाही, मात्र घासले की पसरते. म्हणून चित्र काचेमागे ठेवावे, पण काच कागदाला टेकू देऊ नये. फिकटपणा हा बहुधा कडक पेन्सिलीचा गुण असावा. ग्रॅफाइटमध्ये चिकणमाती मिसळून शिसे भाजण्याची रीत काँते या फ्रेंच माणसाने १७९५ मध्ये शोधली. मातीचे प्रमाण जितके जास्त, तितके शिसे कडक आणि रेघ फिकी. अशा शिशाने गडद काळा रंग मिळत नाही, त्यामुळे सारे काम हाताच्या दाबावर चालते. एकाच पानाची कड देठापासून टोकापर्यंत डोळ्यांनी चालून पाहा. उजेडाच्या बाजूला रेघ विरत गेली असेल, कदाचित तुटलीही असेल, आणि तरीही कड अखंड भासत असेल, तर त्या तुटलेल्या जागेची दाद आवर्जून द्या.

पर्णिका:
मी वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे माझी नजर आधी बेचक्यात, म्हणजे पान फांदीला जोडलेले असते त्या कोपऱ्यात, जाते. गुलाबाच्या एका पानात बहुधा पाच किंवा सात पर्णिका, म्हणजे पानाचे सुटे छोटे भाग, असतात, आणि डोळा (नवी फूट जिथून येते तो कोंब) असतो तो पूर्ण पानाच्या बुडाशी, प्रत्येक पर्णिकेपाशी नव्हे. देठाच्या तळाशी दोन्ही बाजूंना चिकटलेली उपपर्णे, म्हणजे पानासारखी छोटी पाती, दिसतात का, तेही पाहा. काटेही तपासा: गुलाबाचा काटा सालीवरची वाढ असल्यामुळे तो बेचक्याचा हिशेब न ठेवता कांड्यावर कुठेही येतो. मनाने चित्र काढणारा तो हमखास पानाजवळ बसवतो.

कोरा कागद:
पर्णिकाताईंचे म्हणणे खरे असले, तरी चित्राला परीक्षेच्या उत्तरपत्रिकेसारखे तपासू नये, असे मला वाटते. एल्सवर्थ केली या अमेरिकन चित्रकाराने अनेक वर्षे नुसत्या बाह्यरेषेत पाने काढली. छटा नाहीत, पुष्कळदा शिराही नाहीत, तरी पान कुठे वळले ते कळते. फांदी कागदावर कुठे ठेवली आहे आणि तिच्याभोवती किती जागा मोकळी सोडली आहे, हेही पाहावे.

नवप्रेक्षक:
काल खिडकीपाशी भिंग घेऊन बसलो. पर्णिका पाच आहेत. सर्वांत खालच्या पर्णिकेची कड मधेच नाहीशी होते आणि दोन दात्यांनंतर पुन्हा सुरू होते. आजवर ते माझ्या लक्षातच आले नव्हते. उपपर्णे आहेत. एक काटा दोन पानांच्या बरोबर मध्ये, एकटाच आहे, आणि त्याच्या टोकाशीच काय तो पेन्सिलीचा दाब वाढलेला दिसतो. आज त्यांना फोन करून त्या काट्याविषयीच बोलणार आहे.