नागपूरला तपासणीसाठी निघण्यापूर्वी

चार वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याच्या ॲलर्जीसाठी नागपूरला न्यायचे असून सोबत काय घ्यावे, असे आपण विचारले आहे. इतर अनेकांनी उत्तरांत खाण्याच्या डब्याविषयी लिहिले आहे; मी आधी औषधांविषयी लिहितो.

आरमोरीजवळच्या आमच्या गावाहून ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेडमार्गे एसटीने आम्ही मुलीला पहिल्यांदा नेले, तेव्हा ती खेप पूर्णपणे वाया गेली, कारण दोन दिवसांपूर्वी सर्दीसाठी दिलेल्या साध्या सिरपमध्ये सेटिरिझिन हे ॲलर्जी दाबणारे औषध होते आणि अशा औषधाने त्वचेवरची प्रतिक्रिया दबत असल्यामुळे टोचणी चाचणी (त्वचेला किंचित टोचून ॲलर्जीची प्रतिक्रिया पाहण्याची तपासणी) करता आली नाही. ही औषधे साधारणतः पाच ते सात दिवस आधी थांबवावी लागतात, म्हणून वेळ ठरवतानाच डॉक्टरांना विचारून घ्यावे. मनाने मात्र काहीही बंद करू नये, विशेषतः दम्याचा पंप. रक्तातील आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंड) तपासणीला ही अडचण येत नाही.

चाचणीचा निकाल १५ ते २० मिनिटांत दिसतो. खरा वेळ प्रवासात आणि रांगेत जातो. त्यामुळे घरचा डबा हवाच. थांब्यावरचे पोहे शेंगदाणे वेचून देऊ नयेत, कारण वेचल्यावरही अंश उरतो. पूर्वी तीव्र झटका आला असल्यास ॲड्रेनॅलिन (अशा झटक्यात तातडीने द्यायचे इंजेक्शन) सोबत ठेवावे का, मात्रा किती आणि मांडीत कसे टोचावे, हे डॉक्टरांकडून लिहून व शिकून घ्यावे, कारण उमरेडच्या अलीकडे जंगलपट्ट्यात १०८ ची गाडी येईपर्यंतचा वेळ आपल्यालाच निभवायचा असतो.