शिवाजी विद्यापीठात शहररचनेचं संशोधन केंद्र हवं का?

कुंभारगल्ली: मुंबईच्या आयआयटीत शहरांवर संशोधन करणारं केंद्र आहे. आपलं कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ १९६२ सालचं. तिथेही शहररचना आणि जुन्या पेठांच्या पुनरुज्जीवनाचं केंद्र हवं, असं माझं ठाम मत आहे.

आमचं घर शाहूपुरीत, कुंभार गल्लीत. २०१९ ला पाणी देवळीला टेकलं, २०२१ ला त्याच्याही वर वीतभर. वडिलांनी दोन्ही खुणा खिळ्यानं भिंतीत कोरून ठेवल्यात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट, हे बातम्यांत रोज ऐकतो. पण ४३ फुटांना आमच्या गल्लीत पाणी कुठवर येणार, हे कुणी सांगत नाही. मूर्तींचं काम ऐन भरात असतं तेव्हाच पूर येतो. ओल्या मूर्ती माळ्यावर चढवायला हातात किती तास आहेत, एवढं तरी कळावं!

महाद्वाररोड: भावा, दुखणं खरं, पण औषध चुकलं. २०१९ नंतर पुराचा अभ्यास करायला वडनेरे समिती नेमली. तिनं पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांवर बोट ठेवलं. २०२१ ला पाणी ५६ फुटांवर गेलंच की. निळ्या रेषेच्या, म्हणजे नदीच्या पूररेषेच्या आत भराव पडतो तो अभ्यास नाही म्हणून नव्हे, अडवणारा नाही म्हणून. आणि ‘पुनरुज्जीवन’ म्हटलं की मला धास्ती वाटते. आजोबांपासूनचं दुकान आहे. कुठलाही आराखडा निघाला की लाल रंगाची फुली आधी आमच्याच भिंतीवर पडते.

पेठेतली_आर्किटेक्ट: दादा, फुली पडते ती शहर न बघता आराखडा काढतात म्हणून. वरुणतीर्थ बुजवून गांधी मैदान झालं, कपिलतीर्थावर मंडई बसली. आजही जोराचा पाऊस झाला की गांधी मैदानाचं तळं होतं. कोल्हापूर तळ्यांचं गाव होतं, हे डोक्यात ठेवून गटारं आखायला हवीत. त्यासाठी दरवर्षी मोजणारी माणसं इथलीच लागतात. समिती अहवाल देऊन जाते, केंद्र गावातच राहतं. शाहू मिल या कापड गिरणीचंही तेच. राजर्षींनी १९०६ ला उभी केली, २००३ ला बंद पडली. तिथल्या दगडी भिंती वाचवून काय करता येईल, हे विद्यार्थ्यांनी कामगारांच्या घरी बसून विचारावं.

महाद्वाररोड: ताई, विचारतील आणि प्रबंध लिहून नोकरीला पुण्याला जातील. केंद्रानं काढलेली पाण्याची रेषा बांधकाम परवानगी देताना बघावीच लागेल, असा ठराव महापालिकेनं आधी करावा. त्याशिवाय माझा पाठिंबा नाही.

कुंभारगल्ली: ठरावाची अट मला मान्य आहे. पण तो मागायला गेलो तर पहिला प्रश्न येणार, आकडे कुठायत? ते मिळवायला दुसऱ्या कुणाची वाट कशाला बघायची? ताई, रविवारी विद्यार्थी घेऊन या. आमच्या ओळीतल्या बहुतेक घरांत अशा खुणा आहेत, वडील सोबत फिरतील. दादा, तुम्हीपण या, टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागेल.